छाटणीचं पुस्तक

"म्हणजे आधी हेच बाद करायला हवं!" ग्रंथपाल निमकरबाई एकट्याच हसल्या.

वाचनालयातली पडून असलेली पुस्तकं काढायची म्हणून त्यांनी ग्रंथपालांसाठीचं छाटणीचं पुस्तक उघडलं होतं. दहा वर्षांत कुणी नेलं नाही ते काढावं, असं त्यात लिहिलं होतं. आणि त्याचीच तारखांची चिठ्ठी बारा वर्षं कोरी होती. पण काढण्याआधी महिनाभर दर्शनी टेबलावर ठेवून बघावं, हेही त्यातच होतं. बाईंनी ते टेबलावर उभं केलं.

दुसऱ्या दिवशी मासिक बदलायला आलेल्या दळवीकाकूंनी ते चाळलं. "'केवळ जीव गुंतलाय म्हणून काही ठेवू नये.' अगंबाई, हे आमच्या ह्यांना वाचून दाखवते. माळ्यावर तीन बंद रेडिओ आहेत!" पुस्तक त्यांच्या पिशवीत गेलं. आठवड्याभरात रेडिओ भंगारात गेले आणि बातमी गल्लीभर झाली.

महिन्याने वाचनालयाच्या अध्यक्षांनी विचारलं, "बाई, बाद पुस्तकांची यादी कुठंय?"

"छाटणीचं पुस्तक हाताला लागलं तर करणार ना, साहेब!" बाईंनी मागणीची वही पुढे केली. "माझा नंबर नववा. आठवा तुमच्या घरचाच, वहिनींचा. तुमच्या कपाटापासून सुरुवात करणार आहेत म्हणे."