भारत कोण होणार

“आमच्या ओमकारला अमेरिकाच द्या मॅडम. कोट घरातच हाय, मामाच्या लग्नातला,” कमलेश म्हणाला.

“कोट आमच्याकडं पण हाय,” मागून एक बाई बोलल्या. “मग काय सगळीच अमेरिका?”

हर्षलाने कपाळावर हात मारला. मघापासून पालकांच्या बैठकीत हेच चाललं होतं. संविधान दिनाचं एवढंसं नाटुकलं. भारत मधोमध उभा राहून उद्देशिका म्हणणार, आणि एकेक देश येऊन आपल्या घटनेत त्याच्याकडून काय आलं ते सांगणार. पोरं चौथीतली, पण भांडत होते आईबाप, पंगतीत जिलबी कमी पडल्यासारखे. तिच्या रिद्धीला फ्रान्स मिळाला होता. आता फ्रान्सचे कपडे कर्जतच्या बाजारात कुणाकडे मागायचे? एवढं करून पोरगी तीन शब्द बोलून खाली उतरणार. कुणाचं लक्ष तरी जाईल का?

भारत कुणालाच नको होता. पाठांतर फार, आणि कपडे काय, घरचेच. म्हणून विनिता मॅडमनी तो वरच्या आदिवासी ठाकूरवाडीतल्या जनाला दिला होता. जनाचे आईबाप माथेरानला हॉटेलात कामाला. बैठकीला तिच्या घरचं कुणी नव्हतं. ती एकटीच दाराशी उभी राहून उद्देशिका पुटपुटत होती. तिला ती तोंडपाठ होती.

“थांबा जरा,” कमलेश म्हणाला. “भारत मधी उभा राहणार, म्हंजे फोटोत तोच. पावण्यांबरोबर पेपरात तोच. आणि भारत म्हणून...” त्याने दाराकडे पाहिलं, आवाज खाली आणला. “बरं दिसलं पायजे ना मॅडम. मी काय वाईट बोलतोय का?”

कुणीतरी त्याला अडवायला हवं, असं हर्षलाला वाटलं. बी.ए.ला तिचं राज्यशास्त्र होतं. तिने आजूबाजूला पाहिलं. ज्यांना आत्तापर्यंत भारत नको होता, ते सगळे एकदम सरसावून बसले होते. कमलेशचं तोंड पुन्हा उघडायला लागलं होतं.

“रिद्धीचं होईल पाठ,” ती म्हणाली. “मी घेईन करून.”

विनिता मॅडमनी यादीवरचं पेन उचलून तिच्याकडे पाहिलं.

“आणि जना?”

“तिला आमचा फ्रान्स द्या. सोपा आहे. कपडे मी बघते तिचे.”

मॅडमनी सुस्कारा सोडून जनाला आत बोलावलं. “जना, तू आता फ्रान्स हं. तीनच शब्द आहेत. स्वातंत्र्य, समता, बंधुता. म्हण बघू.”

जनाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं. हात सरळ केले.

“स्वातंत्र्य, समता, बंधुता,” ती म्हणाली, आणि तोंडात बसलेलं उद्देशिकेतलं पुढचं आपोआप येत गेलं, “प्रवर्धित करण्याचा संकल्पपूर्वक निर्धार करून, आमच्या...”

“थांब गं,” हर्षला घाईने, अगदी मायेने म्हणाली. “बंधुतेपाशी थांबायचं, बाळा. पुढचं तुझं नाही.”