बॅगांपाशी कोण बसणार?

"आई, तू इथेच बस. हलू नकोस. आम्ही आलोच," अतुल म्हणाला आणि रुहीचं जॅकेट, कॅमेऱ्याची बॅग, चहाचा थर्मास आणि दशम्यांची पिशवी त्याने एकेक करून आईच्या मांडीवर ठेवली.

आईने सगळं सराईतपणे लावून घेतलं. जड खाली, हलकं वर, पर्स काखेत. आईला बॅगा सांभाळायला आवडतं, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आईला कुणी विचारलं नव्हतं, पण माहीत होतं. दर उन्हाळ्यात ती नागपूरहून फ्रीमाँटला अतुलकडे यायची आणि अमेरिकेतल्या एखाद्या नव्या बाकावर बसून परत जायची. ग्रँड कॅन्यनच्या बाकाला पाठ नव्हती, एवढीच तिची आजवरची तक्रार. नायगारा तिने ऐकला होता. "आवाज मोठा आहे हो," असं तिने परत गेल्यावर सगळ्या सोसायटीला सांगितलं होतं. अतुल-प्रीताच्या लग्नातही ती दागिन्यांची बॅग घेऊन खोलीत बसली होती. मंगलाष्टकं भिंतीपलीकडून छान ऐकू आली, म्हणे.

"डॅड, देअर आर लॉकर्स," रुही म्हणाली.

"लॉकरला काय कळतं गं, कोण चोर नि कोण साव?" आई म्हणाली. विषय संपला.

आज रुहीचा नववा वाढदिवस होता. रेडवूडच्या जंगलात झाडाझाडांच्या शेंड्यांमधून केबलला लटकत जायचं, हे तिने गेल्या वर्षीच ठरवलं होतं. गेल्या वर्षी ती वजनात बसली नाही. मग वर्षभर रोज तूप-पोळी खाऊन तिने वजन कमावलं. आजीने नागपूरहून व्हिडिओ कॉलवर देखरेख केली. आज काट्यावर उभी राहिली तेव्हा आकडा बघून गाईडने टाळी दिली. प्रीताला हॉस्पिटलात ड्यूटी होती, म्हणून बरोबर जायला अतुल. दहा वर्षांखालच्या मुलाबरोबर घरचं एक मोठं माणूस हवंच, असा तिथला नियम होता.

गाईडचं नाव केसी. त्याने दाढीची वेणी घातली होती.

"सुरेख घातलीये. कुणी घातली, विचार गं," आई बाकावरून म्हणाली.

रुहीने विचारलं. "माझ्या आजीने," केसी म्हणाला. आईने मान डोलावली. माणूस भरवशाचा होता.

वर जाण्याआधी खाली सराव असतो. दोन बुंध्यांमध्ये एक केबल बांधलेली. तिला लटकायचं, पाय उचलायचे, की आपण सरकत पलीकडे. रुही दोनदा गेली. मग अतुलची पाळी आली.

"हा हार्नेस सैल वाटतोय," अतुल म्हणाला. केसीने बदलून दिला. "हा घट्ट आहे." तिसरा दिला. "वारा जरा जास्त आहे का?" सगळ्यांनी वर पाहिलं. रेडवूडचं एक पान हलत नव्हतं.

"पाय उचला, सर."

"उचललेत."

सगळ्यांनी खाली पाहिलं. उचललेले नव्हते. जमीन बुटांना चिकटून होती आणि अतुलला काही ती सोडवेना. त्याने रिव्ह्यू वाचले होते, व्हिडिओ पाहिले होते, सहा महिने आधी बुकिंग केलं होतं. यात कुठे पाय उचलावे लागले नव्हते.

केसीने फार मऊ आवाजात सांगितलं, की सरांना नको असेल तर हरकत नाही, पण मग रुहीलाही सोडता येणार नाही.

रुहीने हेल्मेटचा पट्टा सोडायला घेतला. तो सुटेना, म्हणून तिने मान खाली घातली, आणि ती मग वर केलीच नाही.

"अतुल, धर."

आई समोर उभी होती. तिने थर्मास त्याच्या हातात दिला, मग कॅमेरा, मग पिशवी, मग जॅकेट. शेवटी पर्स. पर्स तिने आजवर नवऱ्याच्या हातातही दिली नव्हती.

केसीने तिला काट्यावर उभं केलं, हार्नेस चढवला. तिने ओढणी काढून अतुलच्या खांद्यावर टाकली, कुडत्याची टोकं खोचली आणि केसीने सांगायच्या आत पाय उचलले. सरकत पलीकडे गेली. तिथून ओरडून विचारलं, "एवढंच?"

"आई, अगं, तुला भीती नाही वाटत?"

"वाटते ना," आई म्हणाली. "पण आता बाकाची त्याहून जास्त वाटायला लागलीये."

"बरं, मग हे सगळं लॉकरमध्ये टाकतो आणि खालून तुमच्याबरोबर चालत..."

"लॉकरला काय कळतं?" आईने हेल्मेट नीट केलं, रुहीचा पट्टा पुन्हा आवळला आणि तिचा हात धरला. "तू इथेच बस. हलू नकोस. आम्ही आलोच."

अतुल बसला. जड खाली, हलकं वर. बाकाला पाठ नव्हती. समोर बुंधेच बुंधे होते, वरचं काही दिसायची सोय नव्हती. बऱ्याच वेळाने केबलची घरघर आली आणि रुहीची किंकाळी इकडून तिकडे गेली. मग पुन्हा घरघर, आणि तिच्यामागून कुणाचं तरी हसणं. गडगडाटी, बेशरम, या झाडावरून त्या झाडावर जाणारं. कोण बाई आहे ही, म्हणून अतुल ऐकत राहिला. मग ते ओळखून तो उठायला गेला, तर दशम्या घसरल्या. तो परत बसला.

फोन वाजला. प्रीता होती.

"काय रे, कसं चाललंय? आई कंटाळल्या नाहीत ना? दिसतायत का तिकडून?"

"दिसत काहीच नाही," अतुल मान वर करून म्हणाला. "पण आवाज मोठा आहे."