पंचनदरावांचा पक्का खांब

आडी महिन्याच्या, म्हणजे तमिळ आषाढाच्या, वाऱ्यात पाटासुद्धा उडतो, असं मद्रासकडे म्हणतात. तांबरमच्या रेल्वे वसाहतीतल्या पंचनदरावांच्या अंगणात गेल्या पंधरा ऑगस्टला या वाऱ्याने झेंड्याचा बांबूच आडवा केला आणि सगळी वसाहत फिदीफिदी हसली. त्याच झोतात त्यांच्या बायकोचं, अंबुबाईंचं, दोरीवर वाळत घातलेलं सोवळ्याचं लुगडं उडून शेजारच्या कोंबड्यांवर पडलं. पण त्या लुगड्याचं दुःख कोण विचारतो!

यंदा रावांनी कंबर कसली. पाण्याचा जुना लोखंडी पाइप आणून सिमेंटमध्ये खोल पुरला, तिन्ही बाजूंनी तारांचे ताण दिले आणि शेंड्याला विहिरीची जुनी कप्पी बसवली.

"वाऱ्याने पडणार नाही ना?" अंबुबाई रोज विचारायच्या.

"प्रत्यक्ष मारुतीराया लोंबकळला तरी हलायचा नाही!"

"आणि वर कुणाचा हात पोचणार नाही ना?"

"कुणाची बिशाद आहे!"

आपल्या कामाचं बायकोला एवढं कौतुक, या विचाराने रावांची छाती फुगायची.

पंधरा ऑगस्टच्या सकाळी वसाहत अंगणात जमली. कडक इस्त्रीचा सदरा घालून, झेंड्याची घडी छातीशी धरून राव बाहेर आले, तर सगळ्यांच्या माना वर. त्यांनीही वर पाहिलं आणि घाईघाईने दोरीला हात घालणार, तोच दारातून अंबुबाई ओरडल्या,


"अहो, शिवू नका, सोवळ्याचं लुगडं आहे! वाळलं की उतरवते, मग चढवा तुमचा झेंडा."