हॉर्टेन्सियाची झोप

ग्रोनिंगन या डच शहरातल्या आमच्या जुन्या बागेत नवे दिवे बसवायचे होते आणि त्यांचा नकाशा मी काढला होता. सगळ्या शेजाऱ्यांना तो पसंत पडला. अडून बसल्या त्या एकट्या फेन्ना आजी. बागेतून जाणाऱ्या वाटेच्या, त्यांच्या खिडकीसमोरच्या वळणावर पांढऱ्या हॉर्टेन्सियाची झुडपं आहेत, तिथे त्यांना दिवा नको होता.

"फुलझाडांनाही झोप लागते, पोरी. डोळ्यांवर उजेड आला तर कशी झोपतील?"

"आणि अंधारात कुणी धडपडलं तर, आजी?"

"कुणी धडपडत नाही. ये संध्याकाळी, बघ."

म्हातारीचा हट्ट, दुसरं काय! मी चरफडतच गेले. नोव्हेंबर असल्यामुळे पाचलाच काळोख झाला होता. वळणावर उजेड होता तो फक्त आजींच्या खिडकीचा. आमच्याकडे खिडकीचे पडदे कुणी ओढून घेत नाही, त्यामुळे खुर्चीतल्या आजी, त्यांचा चहाचा कप, सगळं वाटेवरून दिसत होतं. सायकलवरून घरी निघालेला एक माणूस त्या उजेडात आला, त्याने मान वळवली आणि हात हलवला. आजींनीही हलवला. मागून शाळेच्या दोन मुली आल्या, मग कुत्रा घेऊन एक बाई. अंधारातून येणारा प्रत्येकजण त्या खिडकीकडे बघतच होता. आजी मात्र हॉर्टेन्सियाकडे एकदाही बघत नव्हत्या.

मीही हात हलवला.

घरी येऊन नकाशावरचा तो दिवा खोडला आणि बाजूला कारण लिहिलं : 'इथल्या फुलझाडांना उजेडात झोप लागत नाही.'