दारणेचं पाणी

"झालं सर," तृप्ती म्हणाली. "आता चोवीसवर चालेल."

पिंगळे सरांनी तिला हे काम सकाळी साडेदहाला सांगितलं होतं आणि अजून कुणाचे डबेही उघडले नव्हते. कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकमेकांना जोडलेले सोळा कॉम्प्युटर होते. आठ नवे आले होते. गोदावरीच्या पुराचं गणित आता चोवीस मशीनमध्ये वाटायचं होतं.

"कुटे, तुम्हाला किती दिवस लागले असते?" सरांनी सहज विचारलं.

"तीन आठवडे," वाल्मीक म्हणाला. खरं तर महिना लागला असता.

पुराचा पहिला प्रोग्राम वाल्मीक कुटेचा. १९९५ साली त्यानं नदीचा नकाशा कापून त्याचे सोळा तुकडे केले आणि एकेक तुकडा एकेका मशीनला दिला. कुठल्या मशीननं शेजारच्या मशीनला पाण्याचा कुठला आकडा कधी पाठवायचा, ते सगळं हातानं लिहिलं. अकरा हजार ओळी झाल्या. कॉलेजनं पूररेषेचा नकाशा काढला तो त्यावरूनच. सायखेड्याला त्याच्या बहिणीनं, कुसाबाईनं, घर बांधायला काढलं तेव्हा जागा त्यालाच विचारली होती. नकाशात ती जागा कोरडी होती. बांध बिनधास्त, असं त्यानं सांगितलं होतं.

तृप्ती येवल्याची. बंगलोरला शिकून आली आणि येताना प्रोग्राम लिहायची नवी भाषा घेऊन आली. त्या भाषेत सगळी नदी एकसंध धरून लिहायचं; तुकडे कसे पाडायचे, कुणी कुणाला काय कळवायचं, ते भाषा आपलं आपण ठरवायची. पहिले दोन महिने ती वाल्मीकचा प्रोग्राम वाचत बसली. मग लिहायला घेतलं आणि चारशे ओळींत संपवलं. नेहमीच्या पुराचे आकडे दोघांचे तंतोतंत जुळले.

"थोडा हळू चालतो तिचा," वाल्मीक भेटेल त्याला सांगायचा. ते खरंही होतं. कुणी मनावर घेत नव्हतं. सहादू शिपाईसुद्धा आता चहाचा पहिला कप तिच्या टेबलावर ठेवायला लागला होता. वाल्मीकनं ते पहिल्याच दिवशी हेरलं.

मे महिन्यात बैठक ठरली. पाटबंधारे खात्याचे इंजिनिअर येणार होते, नदीकाठच्या गावांचे सरपंच येणार होते. यंदापासून पुराचे इशारे या प्रोग्रामवरून द्यायचे की नाही, ते तिथे ठरायचं होतं.

"तृप्ती दाखवेल," पिंगळे सर म्हणाले. "कुटे, तुम्ही शेजारी बसा. काही लागलं तर."

संध्याकाळी तृप्ती प्रिंटआउट घेऊन त्याच्याकडे आली. "सर, एकदा नजर टाकाल? नदी तुमच्याइतकी कुणाला कळत नाही."

त्यानं कागद घरी नेले. रविवारी सकाळी, तिसऱ्या पानावर त्याचं बोट थांबलं. गोदावरीला मिळणाऱ्या दारणेचं पाणी एका मर्यादेच्या वर गेलं की वरचं पाणी प्रोग्राम धरतच नव्हता. अशी मर्यादा चाचणीपुरती घालतात आणि काढायला विसरतात. नवशिक्यांची चूक. लहान पुरात कळणार नाही, मोठ्या पुरात मात्र संगमाच्या खाली सगळे आकडे खोटे. आणि इतक्या थोड्या ओळींत ती ओळ कशी डोळ्यांत भरत होती.

जेवताना त्यानं आमरस दुसऱ्यांदा मागून घेतला. बायकोला नवल वाटलं.

सोमवारी तृप्तीनं विचारलं, "पाहिलंत सर?"

"पाहिलं."

"काही सापडलं?"

"नाही. छान आहे."

तिचा चेहरा खुलला. तो त्याला दिवसभर डोळ्यांपुढून हलवता आला नाही. पण पावसाळ्याला अजून महिना आहे, असं त्यानं स्वतःला समजावलं. तोवर चूक दुरुस्त होईल. कुणाचं काही बिघडणार नाही. तिचं तेवढं बिघडेल.

बैठकीत तृप्तीनं पडद्यावर नदी दाखवली. निळा रंग पसरत गेला, माना डोलल्या. पाटबंधारेच्या साहेबांनी सहीला पेन काढलं. तेवढ्यात वाल्मीक उभा राहिला.

"दारणेला सगळ्यात मोठा पूर धरून एकदा चालवा," तो म्हणाला.

चालवलं. संगमाखालचं सायखेडा कोरडंच राहिलं.

"आता तिसरं पान काढा." त्यानं ओळ वाचून दाखवली, तिचा अर्थ सांगितला. सावकाश, सगळ्यांना कळेल असा.

सायखेड्याच्या सरपंच लताबाई पुढे वाकल्या. "म्हंजी आमच्या गावात पाणी येतं का नाय?"

"येतं, ताई. या ओळीनं सोडलेलं पाणी धरलं तर पाच फूट. आणि हा प्रोग्राम म्हणतो, घरात बसा." वाल्मीकचा आवाज आता चढला होता. "भाषा नवी आली म्हणून नदी नवी होत नाही, सर. ज्यानं ही ओळ लिहिली त्याच्या हातात लोकांचे जीव देऊ नयेत. मी तर म्हणेन, त्याला कॉम्प्युटरला हात लावू देऊ नये."

पिंगळे सरांनी मान खाली घातली. साहेबांनी पेन खिशात ठेवलं. सगळे तृप्तीकडे बघत होते.

तिनं तिसरं पान हातात घेऊन ती ओळ पुन्हा वाचली. मग तिनं वर पाहिलं, ते फक्त वाल्मीककडे.

"सर, मी फक्त भाषा बदलली," ती हळूच म्हणाली. "नदीचं सगळं गणित, या ओळीसकट, तुमच्या प्रोग्राममधून जसंच्या तसं घेतलंय. सहा वर्षं चालतंय, म्हणून एका आकड्यालाही हात लावला नाही."