मौनाचं जेवण

पुनमनं माशांची फुगलेली पिशवी टाकीवर धरली आणि मागं वळून विचारलं, "उर्वशी, सोडू काय व आता? का थांबा लागते?"

उर्वशीनं वरण-भाताचा घास उचलला आणि तोंडात घातला.

श्रावणातला सोमवार. उपास सोडायला ती दिवेलागणीच्या आधी पळसाच्या पत्रावळीवर बसली होती. चातुर्मासात तिचं जेवण मौनाचं. पहिला घास घेतला की हात धुवेपर्यंत बोलायचं नाही. शब्द निघालाच तर तसंच उठायचं, उरलेलं पान गाईला. बल्लारपूरच्या त्या घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. थोरल्या जावेला, म्हणजे पुनमलाही.

"अरे देवा, तुह्यं मौन!" पुनम हसली. "बरं, मान तरी हालव. होय का नाई, तेवढंच."

एरवी मीठ हवं असलं तर उर्वशी बोटानं खुणवायची. तेवढी मुभा तिनंच स्वतःला दिली होती. आज तिचं बोट पानावरून हललं नाही.

उद्या भिशीच्या बाया येणार म्हणून पुनमनं ही मोठी टाकी आणवली होती. ती पुसून लखलखीत केली आणि दुपारी नळ आल्याबरोबर पाइप लावून काठोकाठ भरली. पावसाळ्यात नळाच्या पाण्यात ब्लिचिंग जरा जास्तच. खोलीभर त्याचा वास सुटला होता. पुनमला तो स्वच्छतेचा वास वाटत होता.

याच टेबलावर गेल्या श्रावणापर्यंत उर्वशीची लहान टाकी होती. तेव्हा उर्वशी भामरागडला बहिणीकडे गेली, पुरानं रस्ता बंद झाला, आणि परतली तेव्हा टाकी चकचकीत होती. पुनमनं जुनं पाणी ओतून दिलं होतं, आतला पाणी गाळायचा स्पंज भांड्याच्या साबणानं घासला होता, ताजं पाणी भरलं होतं. "वास मारत होती तुही टाकी," ती म्हणाली होती. उर्वशीनं वर्षानुवर्षं वाढवलेले दोन नारिंगी मासे तोवर मांजरीला घालून झाले होते. ती रडली, तर भिशीच्या बायांसमोर पुनम म्हणाली, "मासोळ्याच होत्या व. मेल्या तं मेल्या. सुतक पाळतं काय आता?" बाया हसल्या.

त्या का मेल्या, हे कुणी विचारलं नाही. उर्वशीनं सांगितलं नाही. आज पहिल्यांदा कुणी तिला पाण्याचं विचारत होतं.

जेवताना मनात शिवाचं नाव घ्यायचा तिचा नेम. आज नावाच्या जागी तेच येत होतं. सुतक पाळतं काय. सुतक पाळतं काय.

"आणि हे काय दिलं दुकानवाल्यानं?" पुनमनं निळी बाटली उजेडात धरली. "पाण्याचं औषध म्हणे. पाणी तं आरशासारखं हाय. औषध कायले?"

ब्लिचिंग मारणारे थेंब होते ते. चमचाभर टाकले असते, पंप लावून पाणी दोन दिवस मुरू दिलं असतं आणि मग एखाद-दुसरा मासा सोडून बाकीच्यांसाठी थांबलं असतं, तर सगळे जगले असते. उर्वशीच्या जिभेवर 'टाक' हा शब्द आला. तिनं त्यावर कढीचा भुरका घेतला.

खिडकीजवळच्या खुर्चीतून सासरे, बापूराव, म्हणाले, "पुनम, थांब ना जराशी. तिचं जेवण होऊ दे. मंग विचार."

"थांबतो, मामाजी."

पुनम थांबली. उर्वशीच्या पानावर शेवटचे दोन घास उरले होते. एवढीशी जेवणारी बाई ती. तिनं भाताचं भांडं पुढं ओढलं, वाढून घेतलं, आणि एकेक शीत मोजल्यासारखी जेवू लागली. ते संपल्यावर पुन्हा वाढून घेतलं. बापूराव पाहत होते. टाकीतलं त्यांना काही कळत नव्हतं. धाकट्या सुनेचा चेहरा कळत होता.

"किती जेवतं व आज! माह्या हात दुखून राह्यला," पुनम वैतागली. तिनं कात्रीनं पिशवी कापली आणि मासे टाकीत ओतले.

काळे, पांढरे, झगझगीत पट्ट्यांचे मासे या टोकापासून त्या टोकापर्यंत सुळकन धावले. पुनमनं टाळी वाजवली. बाटली न उघडता खिडकीत ठेवून दिली.

थोड्या वेळानं एकेक मासा वर आला. सगळे पाण्याच्या वरच्या थराशी जमले आणि तोंडं उघडू-मिटू लागले.

"मामाजी, पाहा ना! भूक लागली त्याइले!" पुनमनं पुडी फोडून मूठभर खाद्य टाकीत सोडलं.

उर्वशीचं पान रिकामं झालं होतं. ती उठायला टेकली.

बापूराव काठीच्या आधारानं खुर्चीतून उठले. त्यांनी टाकीत वाकून पाहिलं. गेल्या श्रावणात पुनम टाकी धुऊन बाहेर गेली तेव्हा घरी ते एकटेच होते, आणि मरण्याआधीची माशांची ही उघडझाप त्यांनी तेव्हाही पाहिली होती. मग ते उर्वशीसमोर आले आणि भाताचं भांडं उचललं. सासऱ्यानं सुनेला वाढावं, असं त्या घरात आजवर झालं नव्हतं.

"बस बाई," ते हळूच म्हणाले. "इतक्यात नको उठू. उठली तं बोला लागते."

उर्वशीनं पानावर हात आडवा धरला. बापूरावांनी भात तिच्या हातावरच वाढला.