नव्या चाकांची टिकटिक

"ही जोडी घ्या. चढाला हलकी, सपाटीलाही पळते, आणि आवाज अजिबात नाही," सायकलवाले म्हणाले.

रणजितने चाक फिरवून कान लावला. "नको. ती दुसरी द्या, टिकटिक करणारी."

"साहेब, सायकलला चाकं हवीयत की घराला बेल?"

रणजितने हसत पैसे पुढे केले.

संध्याकाळी नवी चाकं बसवून तो कोथरूडला घरी निघाला. गल्लीच्या वळणावर त्याने पेडल मारणं थांबवलं. बाबाही कंपनीतून येताना इथेच थांबवायचे. सायकल टिकटिक करत फाटकापर्यंत आली, आणि वर घरात मोठ्याने चाललेला टीव्ही एकदम गप्प झाला.

तो वर गेला. चार दिवस माहेरी आलेली तनुजाताई बंद टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. मांडीवर तिच्या मुलीचं भूगोलाचं पुस्तक उघडं होतं.

"तू होय!" तिने सुस्कारा सोडला. "मला वाटलं, बाबाच आले."

दोघं पोट धरून हसली. बाबांना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. तरी त्या संध्याकाळी टीव्ही पुन्हा लावायला कुणाचाच हात गेला नाही.